बांधावरचं रडू

आक्काबाईच्या तोंडात पेजेचा चमचा कधी घालायचा, हे अनघाला डोळे मिटूनही कळायचं. फोनमधली ओवी पहिल्या ओळीच्या टोकाला येई, गाणारी तिथं श्वास घेई, जात्याचा एक फेरा नुसताच घरघरत जाई. त्या फेऱ्यात आक्काबाईचे ओठ विलग होत. चमचा तेवढ्यात आत. मग दुसरी ओळ, आणि दुसऱ्या ओळीबरोबर गळ्याची ती एक हालचाल, जिच्यासाठी सगळं घर थांबून राहिलेलं असे.

गाणारी आक्काबाईच होती. तरणी आक्काबाई.

तिचा मुलगा आकाश अंगावर पीत होता तेव्हा वडिवळ्याकडच्या वस्त्यांवर काही माणसं टेपरेकॉर्डर घेऊन फिरत आली होती. बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करत होती. बौद्धवाड्यात आक्काबाईनं गायल्या, वर मराठ्यांच्या आळीत नंदाबाईनं. पुढं कितीतरी वर्षांनी त्या ओव्यांची वेबसाइट झाली, आणि लग्न होऊन आलेल्या अनघाला आकाशनंच ती फोनवर उघडून दाखवली होती. "ऐक. हे जे मागं केकाटतंय ना, ते मी."

खरंच, आक्काबाईच्या त्या ओवीत मागं एक तान्हं पोर जीव तोडून रडत होतं.

कोकणचा वारा बाई, घाट चढूनी गं आला
बाळ रडं बांधावरी, रडू घेऊनी गं गेला

भातलावणीला बाळ बांधावर निजवून बाई चिखलात उतरते. बाळ रडतं, वारा ते रडू दुसरीकडंच घेऊन जातो, आईपर्यंत पोचतच नाही. आक्काबाई हे गात असताना तिचं स्वतःचं बाळ मांडीशी रडत होतं, आणि ती जातं थांबवत नव्हती. ओवी संपता संपता पोर हळूहळू निवत जाई. आधी हुंदके, मग नुसता नाकाचा आवाज, मग काहीच नाही. जात्याची घरघर तेवढी उरे.

आकाश साथीच्या दुसऱ्या लाटेत गेला. त्याचा फोन त्याच्याबरोबर दवाखान्यात गेला होता, तो परत आला नाही. फोनमध्ये त्याचं हसणं होतं, शिव्या होत्या, लग्नाच्या हळदीतलं नाचणं होतं. सगळं तिकडंच राहिलं. जगात त्याचा आवाज म्हणून जे काही उरलं होतं, ते एवढंच. आईच्या ओवीमागचं रडणं.

गेल्या शिमग्याच्या सुमाराला आक्काबाईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं गेलं, गिळणं गेलं. दवाखान्यात नाकातून नळी घातली, ती तिनं डाव्या हातानं उपसून काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग तो हात खाटेला बांधला. पट्टीनं बांधलेला तो हात पाहून केरबा, तिचा नवरा, जन्म रेल्वेत गँगमन म्हणून काढलेला माणूस, वॉर्डाबाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला होता. "घरी न्हेऊ," एवढंच म्हणाला. "मरंना का. पर हात मोकळा असू दे तिचा."

घरी आणल्यावर दोन दिवस काही उतरेना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अनघा पायाशी बसून आकाशसाठी म्हणून ती ओवी ऐकत होती. पाहते तर आक्काबाईचा डावा हात गोधडीवर फिरायला लागलेला. गोल, गोल. मुठीत जात्याचा खुंटा धरल्यासारखी बोटं. आणि ओठ उघडलेले. अनघानं घाबरत घाबरत एक चमचा पेज घातली. गिळली.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ हेच. सकाळी कामावर जायच्या आधी एकदा, गुलाबाच्या पॉलिहाऊसमधून काट्यांनी ओरबाडलेली बोटं घेऊन परत आल्यावर एकदा. वाटीभर पेज संपायला ओवी चारपाच वेळा लावावी लागे. डाऊनलोड करून ठेवायचं तिच्या मनात कधी आलंच नाही. फोन आधीच भरलेला होता. आणि ओवी तिथं आहेच की. जातेय कुठं?

*

शनिवारची संध्याकाळ होती. भात पोटरीला आलेलं, धरणाच्या अंगानं धुकं उतरत होतं. अनघानं पेज कोमट केली, चिमूटभर मीठ घातलं, फोन उशीशी ठेवला आणि नेहमीच्या जागी बोट लावलं.

कोकणचा वारा बाई, घाट चढूनी गं आला

आवाज स्वच्छ होता. काचेसारखा. आक्काबाईचे ओठ सवयीनं उघडले.

माझ्या बंधूच्या भाताला, झोका देऊनी गं गेला

ओठ मिटले. चमचा दातांवर आपटला आणि पेज हनुवटीवरून गळ्याच्या घडीत ओघळली. गोधडीवरचा हात अर्ध्या फेऱ्यात थांबला होता.

अनघानं पुन्हा लावली. पुन्हा तेच. मागं रडणं नाही, काही नाही. आवाज कुणाचा ते तिला कळलं. गावातल्या प्रत्येक लग्नात हळदीला तोच आवाज वरच्या आळीतून ऐकू येई.

"काय झालं गं?" केरबा ओट्यावरून ओरडला. रुळांवर हातोडे ऐकून ऐकून त्याचे कान गेले होते, त्यामुळं तो सगळ्यांशीच ओरडून बोले. "आज गाडी शिग्नलला थांबली व्हय?"

"आबा, ओवी बदललीय."

"आं?"

"ओवी! आईंची न्हाई ही. नंदाकाकींची हाय."

केरबा उठून आत आला. त्याला फोनमधलं काही ऐकू येत नसे, तरी तो फोनकडं वाकून बघत राहिला. "तिचं नाव बघ खाली लिवलंय का."

अनघानं पान खाली सरकवलं. गायिका: नंदाबाई. गाव: वडिवळे. आक्काबाईचं नाव कुठंच नव्हतं. तिनं शोधात घालून पाहिलं. नाही. आकाशच्या आईचं नाव त्या जागेवरून कुणीतरी पुसून घेतलं होतं, जसं पाटा पुसून घेतात.

साइटवर संपर्काची एक चौकट होती. तिनं त्यात लिहिलं, की आमच्या सासूबाईंची ओवी गेली आहे, त्यांचा आवाज पाहिजे, त्या आजारी आहेत. पाठवून बोट उचलते न उचलते तोच उत्तर आलं.

"आपण कळवल्याबद्दल आभार. ही ओवी आता अधिक स्पष्ट आवाजात उपलब्ध आहे. आपल्या सासूबाईंना लवकर आराम पडो. – साइट एजंट."

तिनं केरबाला ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"एजंट?" केरबा म्हणाला. "ओवीला बी एजंट लागला? डोंगरापातूर समद्या जमिनी इकून खाल्ल्या, आता बायांच्या तोंडातल्या ओव्या ऱ्हायल्या व्हत्या व्हय?"

हसायची वेळ नव्हती, पण अनघाला हसू आलं. मग ते लगेच विरलं. आक्काबाई तिच्याकडं बघत होती. डोळ्यांत राग नव्हता, विचारणाही नव्हती. कुणीतरी आपल्याला नावानं हाक मारली आणि वळून पाहिलं तर रस्त्यावर कुणीच नाही, तसे डोळे.

रविवारी साइटवरचा नंबर दिवसभर वाजत राहिला. उचलला नाही. आक्काबाईनं दिवसभरात ओल्या फडक्यानं ओठ पुसून घेतले, तेवढंच. कामशेतचे डॉक्टर येऊन बघून गेले. "बाई, असंच चाललं तर नळीशिवाय इलाज नाही. अॅडमिट करा. हात मात्र बांधावा लागेल, मागचं माहितीये मला."

केरबा खाटेच्या त्या बाजूला बसला होता. त्यानं बायकोचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. सोडला नाही.

*

सोमवारी अनघानं सुपरवायझरकडून रजा मागून घेतली आणि लोकलनं लोणावळ्याला गेली. साइटवर पत्ता होता. बाजारपेठेत औषधाच्या दुकानावरची खोली. जिना ओला, भिंतींना पोपडे, आत दोन टेबलं आणि एकाच टेबलाशी माणूस. माधवीताई. पन्नाशीच्या, चष्मा केसांत अडकवलेला, समोर चहाचा अर्धा कप.

अनघानं सांगितलं. पुण्याकडचं शुद्ध बोलायचं असं ठरवून ती आली होती, पण निम्म्यातच ते सुटलं. "ताई, माझ्या सासूला त्या ओवीशिवाय घास उतरत न्हाई. दोन दिस झालं पोटात काय न्हाई त्यांच्या."

माधवीताईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "आक्काबाई... ती बाळाच्या रडण्याची ओवी? अगं, मला तोंडपाठ आहे ती." त्यांनी साइट उघडली, शोधलं. त्यांचा हात माउसवर थबकला.

"काय झालं ताई?"

"थांब हं."

त्यांनी पान वरखाली करून पाहिलं. मग म्हणाल्या, "बघ, पूर्वी आम्ही चौघीपाचजणी होतो इथं. आता मी एकटी. ओव्या हजारोंनी. एकेका ओवीची दोन-दोन, तीन-तीन पानं झालेली, नावं चुकलेली, फायली बंद पडलेल्या. म्हणून हा एजंट, म्हणजे एआयवाला प्रोग्रॅम, जोडून घेतला. साइटच्या आत जाऊन तो स्वतःच पानं लिहितो, बदलतो, एकमेकांत मिळवतो, काढून टाकतो. आपण नुसतं बोलून सांगायचं. काय भराभर काम करतो म्हणून सांगू तुला! मला तर बरं वाटत होतं, कुणीतरी सोबतीला आलंय."

"मग त्याला तुमी काय सांगितलंत?"

माधवीताईंनी पडदा तिच्याकडं वळवला. त्यांनीच लिहिलेलं होतं. एकच ओवी पुन्हा पुन्हा आली असेल तर सगळ्यात स्पष्ट आवाजाची ठेव, बाकीच्या तिच्यात मिळवून टाक. खाली एजंटनं काय काय मिळवणार ते दाखवून विचारलं होतं, पुढे जाऊ का? आणि त्याखाली माधवीताईंचं उत्तर. हो.

"वरची दहा-बारा मी बघितली होती," त्या म्हणाल्या. "बरोबर होती."

"पर ताई, ती एकच ओवी न्हाईच. पयली ओळ सारखी असंल. दुसरी..."

"माहितीये गं मला." त्यांचा आवाज चिरकला. "पहिली ओळ सगळ्यांची, दुसरी बाईची स्वतःची. हे मी वर्षानुवर्षं कॉलेजांतून सांगत फिरते. त्याला सांगायचं राहिलं."

त्यांनी एजंटला विचारलं. अनघा पडद्यावर उमटणारी अक्षरं वाचत गेली. लहान मुलाला समजावं अशी सरळ मराठी होती.

"होय, हे ध्वनिमुद्रण मी बदलले. पहिली ओळ नंदाबाईंच्या ओवीशी जुळत होती. दुसरी ओळ मुलाच्या रडण्यामुळे मला नीट ऐकू आली नाही. शेवटचे शब्द सारखे असल्याने ती तीच असावी असे मी धरले. रडण्याचा आवाज काढून टाकण्याचा मी आधी प्रयत्न केला, पण त्याबरोबर गाणेही जात होते. म्हणून अधिक स्पष्ट फाइल त्याच जागी चढवली. दुसरी ओळ वेगळी आहे, हे मी विचारायला हवे होते. माझी चूक झाली."

"जुनी फाइल परत आण म्हणावं," अनघा म्हणाली.

माधवीताईंनी लिहिलं. उत्तर आलं. फाइल जागेवरच बदलल्यामुळे जुनी शिल्लक नव्हती. बॅकअप होता, पण तो दर रविवारी रात्री नव्यानं होई आणि आधीचा पुसून टाकी. काल रात्री तो झाला होता.

काल. अनघाच्या डोळ्यांसमोर वाजत राहिलेला फोन आला.  माधवीताईंनीच सांगितलं, खाली मान घालून. "रविवारी मी फोन बॅगेतच ठेवते. एक दिवस तरी म्हणून."

"मूळ कॅसेट?"

"लोणावळ्याची हवा तुला माहितीये. बुरशी खाऊन गेली. साइटवर चढवून झाल्यावर टाकून दिल्या."

एजंटनं खाली आणखी लिहिलं होतं. नंदाबाईंच्या आवाजावरून आक्काबाईंची ओळ तयार करून देता येईल, हवी आहे का?

"नको," अनघा म्हणाली. माधवीताईंना नाही, थेट पडद्यालाच. मग उठली.

ती जिन्याशी पोचली तेव्हा माधवीताई मागून धावत आल्या. "अनघा, ऐक! तेव्हा त्या लोकांनी गावागावात एकेक कॅसेट देऊन ठेवली होती, गायलेल्या बायांना ऐकायला म्हणून. वडिवळ्यात कुणाकडं टेप होता?"

अनघाला विचार करायची गरज नव्हती. त्या काळी गावात टेप एकाच घरी होता.

*

नंदाबाईचं घर आता बदललं होतं. धरणाच्या बाजूची जमीन बंगल्यांच्या स्कीमला गेली आणि जुन्या कौलांच्या जागी गुळगुळीत फरशीचं दुमजली घर आलं. नंदाबाई मात्र त्या फरशीवरही पोतं अंथरूनच बसे. लसूण सोलत होती.

"जय भीम गं, अनघे. ये की वर," ती म्हणाली. बौद्धवाड्यातल्या बाईला वर बोलावण्यात आता नवल नव्हतं, तरी अनघा पायरीवरच टेकली. "आक्की कशी हाय?"

अनघानं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता नंदाबाईच्या हातातला लसूण तसाच राहिला.

"माज्या नावावं?" ती म्हणाली. "तिची ओवी माज्या नावावं केली? आन् इचारलं बी न्हाई? अगं, मला माजी हाय की दुसरी ओळ! मला तिची कशाला पायजे? तिच्या ओळीवर आमी बाया चिखलात हुंदके दिऊन रडायचो. माज्या ओळीवर कोण रडलंय? भातानं झोका घेतला, त्येला कोण रडतंय?"

"काकी, कॅसेट हाय का पर?"

नंदाबाईनं पोराला, दत्तोबाला, हाक मारली. तो आतून बनियनवर आला. अनघानं विचारलं तशी त्याच्या कपाळावर आठी पडली, मग हळूहळू ती आठी सुटली आणि त्याचा चेहरा पडला.

"निळ्या लेबलाची? बायांच्या ओव्यांची?"

"व्हय, व्हय."

"वैनी, ती..." तो आईकडं बघू लागला. "ती मी भातावं बांधली व्हती."

"भातावं?"

"पाखरं राखाया. तवा समदेच बांधायचे. कॅसेटीतली फीत काडायची आन् काठ्या रोवून ह्या बांधापासनं त्या बांधापातूर ताणायची. उनात चमकती, वाऱ्यात वाजती. चिमण्या फिरकत न्हाईत. टेप बंद पडला व्हता, घरात नुस्त्याच पडलेल्या..."

नंदाबाईनं त्याच्या पोटरीवर लसणाची कुडी फेकून मारली. "मुडद्या, बायांच्या ओव्या चिमण्यांवर सोडल्यास व्हय!"

"मला काय म्हाईत, आये!"

 अनघाच्या मनात ते खाचर आलं. हिरवं भात, आणि त्याच्यावरून चमकत ताणलेली सासूच्या आवाजाची काळी रेघ. कोकणचा वारा येऊन तिला वाजवत असेल. त्यात आकाशचं रडणंही असेल. आणि आक्काबाई, तेव्हा तिथंच कुठंतरी, खाली वाकून तण बेणत असेल. डोक्यावरून आपलाच गळा वाजतोय हे तिला कुठून कळणार?

"दोन पावसात तुटून गेली," दत्तोबा हळूच म्हणाला. "चिखलात गेली असंल."

त्या खाचराच्या जागी आता पोहण्याचा तलाव होता.

नंदाबाई अनघाला फाटकापर्यंत सोडायला आली. गुडघे धरत, हळूहळू. "मी यिऊ का म्हनाया? आक्कीजवळ बसून?"

अनघाला शनिवारचे ते मिटलेले ओठ आठवले. "काकी, तुमचाच आवाज लागला व्हता. तोंड मिटून घेतलं त्यांनी."

नंदाबाई हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "घेईलच की. जात्यावर समोरासमोर बसून म्हनायचं तवा पयली ओळ दोघींची. दुसरीला एकीनं गप बसायचं. मी कवा तिच्या दुसरीत तोंड घातलं, तर हात थांबवायची जात्याचा. लय हेकट." मग फाटकाची कडी लावता लावता म्हणाली, "दुसऱ्याची दुसरी कुणी म्हनू नये, अनघे. ती ज्येची त्येनंच म्हनायची."

*

मंगळवारी दुपारी, पॉलिहाऊसच्या ओलसर उकाड्यात गुलाबांच्या कांड्या कापत असताना माधवीताईंचा फोन आला.

"मी त्याला सगळीकडं शोधायला लावलं. रात्रभर. एक तुकडा सापडलाय, अनघा. पण..."

"पण काय?"

"रडण्याचा आवाज काढायचा त्यानं प्रयत्न केला होता ना. त्यासाठी आधी रडण्याचा नमुना घ्यावा लागतो. ज्या फेऱ्यात आक्काबाई गात नव्हत्या, श्वास घेत होत्या, तेवढाच त्यानं कापून बाजूला ठेवला होता. काय पुसायचंय ते ओळखायला. तेवढंच उरलंय. गाणं नाहीये त्यात."

"म्हंजी..."

"बाळ आहे. जातं आहे. आक्काबाईंचा एक श्वास आहे. बास." त्या पुढं म्हणाल्या, "आणि त्यांचं नाव मी परत लावलंय. स्वतः लावलंय, हातानं. खाली लिहिलंय, आवाज उपलब्ध नाही."

पुसायचं म्हणून वेगळं काढलेलं तेवढंच मागं उरलं होतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा केरबानं दवाखान्याची पिशवी भरून ठेवली होती. लुगडं, तांब्या, कागद. सकाळी गाडी सांगितली होती. त्यानं पिशवीकडं बोट केलं. आक्काबाईचे गाल आत गेले होते, ओठांवर पांढरी साय धरली होती. डावा हात गोधडीवर उताणा पडला होता, कुणीतरी टाकून दिल्यासारखा.

अनघानं पेज कोमट केली. फोन उशीशी ठेवला. माधवीताईंनी पाठवलेला तुकडा लावला.

एक फेरा जातं फिरलं. त्यात तान्हा आकाश रडला. फेऱ्याच्या शेवटी एका बाईनं श्वास ओढला, आणि संपलं. फोननं तो तुकडा पुन्हा पहिल्यापासून लावला. पुन्हा रडणं. पुन्हा श्वास. पुन्हा रडणं.

आक्काबाईचे डोळे उघडले. हात हलला, मूठ मिटली, फिरायला लागली. एक फेरा. दुसरा. पण श्वासानंतर ओवी येईना, आणि पोर निवेना. आधी ते दर वेळी गप्प होत असे. आता नुसतंच रडत होतं, न थांबता. आक्काबाईचा हात वेगानं फिरू लागला. तोंड वाकडं होऊन घशातून एक घोगरा आवाज निघाला. तिला त्याला गप्प करायचं होतं आणि तिच्याजवळ काही नव्हतं.

"बंद कर!" केरबा ओरडला. त्याला ऐकू येत नव्हतं, पण त्याला बायकोचा चेहरा दिसत होता. "बंद कर ते, पोरी!"

अनघानं फोनकडं हात नेला. आक्काबाईनं तिचं मनगट धरलं. तीन दिवस अन्न नसलेल्या हाताला एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. काट्यांनी ओरबाडलेल्या कातडीत नखं रुतली.

अनघाला गाता येत नव्हतं. शाळेत प्रार्थनेलासुद्धा ती नुसते ओठ हलवायची. तिनं घसा खाकरला आणि जात्याच्या फेऱ्यावर, जसं जमेल तसं, धरलं.

कोकणचा वारा बाई, घाट चढूनी गं आला

मनगटावरची पकड सैल झाली. फेरा गेला. श्वास गेला. ओठ उघडले, अगदी थोडे. अनघानं चमचा पुढं केला आणि रोज ऐकलेली दुसरी ओळ घेतली.

बाळ रडं बांधावरी...

ओठ मिटले. हात थांबला. पेज पुन्हा हनुवटीवर आली.

अनघाला नंदाबाईचं फाटकातलं बोलणं आठवलं. लय हेकट. तिनं हनुवटी पदरानं पुसली. पोर रडतच होतं, तिचा नवरा, जो तिनं कधी तान्हा पाहिला नाही आणि म्हातारा पाहणार नव्हती. तिला स्वतःचं काय म्हणायचं होतं? तिच्याजवळ बाळ नव्हतं, बंधूचं भात नव्हतं. रोज संध्याकाळी दार उघडं ठेवायची सवय होती, तेवढी. तो गेल्यावरही ती सुटली नव्हती. पुन्हा श्वास आला तशी तिनं पहिली ओळ म्हटली, जात्याचा फेरा जाऊ दिला, आणि पुढचं आपोआप येत गेलं, अडखळत, सूर सोडून.

कोकणचा वारा बाई, घाट चढूनी गं आला
माझ्या दारी थांबूनिया, रित्या हातानं गं गेला

आक्काबाई तिच्याकडं बघत राहिली. कितीतरी वेळ. मग तिचा डावा हात गोधडीवर हळूहळू फिरू लागला, दुसऱ्या बाईचं जातं ओढायला समोर बसावं तसा. ओठ विलग झाले.

अनघानं चमचा आत घातला. गळ्याकडं बघत राहिली. केरबाही बघत राहिला. गिळलं.

अर्धी वाटी संपली. मग आक्काबाई थकली आणि मान कलती करून तिनं डोळे मिटले. केरबानं दवाखान्याची पिशवी उचलली, दाराशी नेली, तिथंच घुटमळला आणि ती परत खुंटीला अडकवली. रिकामी मात्र केली नाही.

अनघा उरलेली पेज झाकून ठेवायला उठली. बाहेर वारा सुटला होता, पोटरीला आलेलं भात अंधारात सळसळत होतं. उशीशी फोनमध्ये पोर रडत होतं, आणि प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी एक बाई गायला म्हणून श्वास घेत होती.